प्रोजेक्टच्या नोट्स आणि कामांची यादी साध्या टेक्स्टमध्ये ठेवायचीय, कुठला फॉरमॅट घेऊ?

पॅनेलवाला
नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रिकल पॅनेलची कामं करतो, एका वेळी सहा-सात साइट चालू असतात. आत्तापर्यंत सगळं एका नोट्सच्या ॲपमध्ये होतं, ते बंद पडलं आणि एक्सपोर्ट करून जे हातात आलं ते वाचवत नाही, तीन वर्षांच्या नोट्स आहेत हो त्यात. म्हणून आता ठरवलंय की साधी टेक्स्ट फाइलच, कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल अशी. पण मार्कडाउन, टुडू डॉट टीएक्सटी की ऑर्ग मोड, साध्या टेक्स्टमध्ये लिहायच्या या तीन पद्धतींत अडकलोय. साइटवर उभं राहून मोबाइलवर पटकन लिहायचं असतं आणि सकाळी चहा घेता घेता बाकी कामं एकत्र दिसायला हवीत. लिहितो मराठीतच.

घाटमाथा
मार्कडाउन घ्या. २००४ पासून आहे, ऑब्सिडियन, जोप्लिन अशा नोट्सच्या कुठल्याही ॲपमध्ये चालतं आणि काहीच नसलं तरी नोटपॅडमध्ये नीट वाचता येतं. प्रत्येक साइटची एक फाइल, वर नोट्स, आणि काम आलं की तिथेच ओळीच्या सुरवातीला `- [ ]`, म्हणजे रिकामी चौकट. सकाळी सगळ्या फोल्डरमध्ये `[ ]` शोधायचं, बाकी कामं समोर. फक्त शोधायला ग्रेप ही कमांड वापरत असाल तर तिला मायनस कॅपिटल एफ (`-F`) द्या, नाहीतर चौकोनी कंसाचा ती वेगळाच अर्थ लावते. आणि विंडोज जुनं असेल तर सेव्ह करताना यूटीएफ-८ हे मराठी अक्षरं टिकवणारं एन्कोडिंग निवडाच, तिथलं नोटपॅड आपणहून एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करायचं आणि मराठीची सगळी प्रश्नचिन्हं व्हायची, माझी एक अख्खी फाइल गेलीय अशी.

एकओळ
कामांसाठी टुडू डॉट टीएक्सटी, मी सात वर्षं वापरतोय. एक ओळ म्हणजे एक काम, एवढाच नियम. कंसात ए, बी, सी लिहून प्राधान्य, प्रोजेक्टला अधिकचं चिन्ह, जागेला किंवा साधनाला ॲट. काम झालं की पुढे छोटा एक्स.

पण मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, मला ती कळायला बरेच महिने लागले. इंग्रजी यादी सॉर्ट केली की एक्सवाल्या ओळी बहुतेक तळाला जातात. देवनागरी अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमवारीत, इंग्रजीच्या नंतर येतात, त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये झालेली कामं वर आणि बाकी मराठी कामं त्यांच्या खाली, उलटंच सगळं. उपाय सोपा आहे, प्रत्येक कामाच्या सुरवातीला नोंदीची तारीख टाकायची, आधी वर्ष मग महिना मग दिवस, आणि आकडे इंग्रजी, कारण ॲपना देवनागरी आकड्यातली तारीख बहुधा ओळखता येत नाही.

टॅगचंही सांगतो. सातारा असा टॅग ठेवला तर ओळीत कुठेही `+साताऱ्याचं` करू नका, विभक्ती लागली की शोधात सापडत नाही. शिवाय तो ऱ्या युनिकोडमध्ये दोन पद्धतीने टाइप होतो, मोबाइलचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो आणि लॅपटॉपचा दुसरी, दिसायला डिट्टो सारखं पण शोधायला वेगळं.

रात्रपाळी
ऑर्ग मोड मला मनापासून आवडतं. टुडू आणि डनच्या जागी `बाकी` आणि `झालं` असे मराठी शब्द फाइलच्या वरच्या एका ओळीत देता येतात, आणि सगळ्या साइटच्या डेडलाइन अजेंड्यात एकत्र दिसतात. अँड्रॉइडवर त्यासाठी ऑर्गझ्ली हे ॲप आहे. पण खरं सांगायचं तर ईमॅक्स, म्हणजे ऑर्ग मोड ज्यात चालतं तो एडिटर, शिकायची तयारी नसेल तर नका घेऊ, त्याची निम्मी ताकद तिथेच आहे. टेबलं मराठीत सरळ उभी राहत नाहीत हेही आहेच, जोडाक्षरांची रुंदी जुळत नाही.

घाटमाथा
एकओळ, ते ऱ्याचं माहीतच नव्हतं, माझ्या दोन शोधांचं कोडं आत्ता सुटलं. पॅनेलवाला, काहीही घ्या पण दोन ठिकाणी कामं लिहू नका, नोट्समध्येही आणि वेगळ्या यादीतही, आठवड्यात दोन्हीचा मेळ सुटतो.

पॅनेलवाला
खूप आभार सगळ्यांचे. आज दुपारी बसून केलं, साइटगणिक मार्कडाउन फाइल, कामं नोट्समध्येच चौकटीत, टॅग विभक्तीशिवाय, तारीख इंग्रजी आकड्यात. फोल्डर सिंकथिंगने, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने, मोबाइलवर घेतलंय. एकच शंका उरलीय, मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकाच वेळी एकच फाइल बदलली तर काय होतं?

एकओळ
त्यातली एक मूळ नावाने राहते आणि दुसरी सिंक-कॉन्फ्लिक्ट असं नाव लागून शेजारी पडते. पुसत नाही काही, पण दोन्ही उघडून ओळी स्वतः जुळवाव्या लागतात. मी म्हणून मोबाइलसाठी वेगळी `आवक` नावाची फाइल ठेवलीय, साइटवर फक्त तिच्यात लिहायचं आणि रात्री लॅपटॉपवर त्या त्या फाइलमध्ये हलवायचं.