शर्यत संपल्यानंतर
'विजेत्यांनी इतकं कमावलेलं असतं, निवृत्तीनंतर त्यांना कसली ददात?' हे सायकल शर्यतींच्या विजेत्यांबद्दलचं मत मला पटत नाही. इटलीचा सायकलपटू मार्को पांतानी आठवा. १९९८ साली जिरो (इटलीतली मोठी सायकल शर्यत) आणि टूर द फ्रान्स (फ्रान्समधली) या दोन्ही शर्यती जिंकल्या, पुढच्याच वर्षी रक्तचाचणीत अडकून जिरोतून बाहेर पडावं लागलं. २००४ मध्ये रिमिनीतल्या हॉटेलच्या खोलीत कोकेनमुळे गेला, अवघ्या ३४व्या वर्षी. पैसा काय कामाला आला?

उलट फ्रान्सचा बर्नार इनो. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकून १९८६ मध्ये, ३२व्या वर्षी, स्वतःहून थांबला आणि फ्रान्समधल्याच ब्रिटनी भागात शेती करू लागला. कधी थांबायचं हे त्याने स्वतः ठरवलं, मला हाच मोठा फरक वाटतो.

पण माझा जीव सगळ्यात जास्त गुंततो तो फ्रान्सच्याच लोराँ फिन्योंमध्ये. १९८९ची टूर तो ८ सेकंदांनी हरला, लोकांना तेवढंच आठवतं. १९८३ आणि १९८४ची त्यानेच जिंकली होती, हे कुणी बोलत नाही. २०१०च्या जुलैमध्ये कर्करोगाने आवाज पार बसला होता, तरी तो टूरचं समालोचन करत होता. ऑगस्ट संपताना गेला. वय ५०.