मेच्या सुट्टीत आफ्रिका: सफारी, समुद्र आणि इतिहास १० रात्रींत कसा बसवायचा?

रंकाळा_काठ (प्रश्न)
कोल्हापूरहून पाच जण निघणार: आम्ही दोघं, १० आणि १४ वर्षांची मुलं, ६६ वर्षांच्या सासूबाई. मे महिन्यात १० रात्री मिळतात. भरपूर प्राणी, थोडा समुद्र आणि मुलांना कळेल असा इतिहास हवा आहे. एजंटाने नैरोबी, मसाई मारा, सेरेंगेटी आणि मोंबासा असं सगळं बसवून दिलंय. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी चिकटूनच आहेत, मग जमायला हरकत नाही ना? सासूबाई शुद्ध शाकाहारी. निघण्याआधी काय काय उरकायचं?

गवा_दाजीपूर
ताई, आधी महिना बदला. एप्रिल-मे हा तिथला मोठा पाऊस, स्वाहिलीत 'मसिका'. सेरेंगेटीत काही भागांत आपल्यासारखीच काळी चिकट माती आहे, गाड्या रुततात. टांझानियाच्या झांझिबार बेटावरची बरीच हॉटेलंही तेव्हा बंद असतात. दिवाळीची सुट्टी धरा. नोव्हेंबरात 'वुली' म्हणजे छोटा पाऊस असतो, पण एखादी सर येते आणि जाते, त्याने सफारी सहसा अडत नाही.

दुसरं म्हणजे मारा केनियात आणि सेरेंगेटी टांझानियात; दोन्ही चिकटून असली तरी मधली हद्द पर्यटकांना ओलांडता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालायचा आणि गाडी बदलायची, यात अख्खा दिवस जातो. तेव्हा एकच देश धरा, टांझानिया. आणि एकाच दिशेने जा, आल्या रस्त्याने परतू नका. तिकीट मुंबई-अदिस अबाबा-किलिमांजारो (अरुशाजवळचा विमानतळ) असं जातानाचं आणि झांझिबार-अदिस अबाबा-मुंबई असं येतानाचं, एकत्रच काढा.

पहिली रात्र अरुशा. दुसऱ्या दिवशी तरांगिरे अभयारण्य (हत्ती आणि गोरखचिंचेची झाडं) करून करातू गावी मुक्काम. तिसऱ्या दिवशी पहाटेच एनगोरोंगोरोच्या विवरात (जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट मैदानात) उतरा आणि करातूलाच परत या. विवराचा काठ २,२०० मीटरच्या वर आहे, सकाळी स्वेटर लागतोच. खाली गेंडा दिसण्याची शक्यता चांगली. जिराफ मात्र तिथे शोधत बसू नका, तो विवरात राहत नाही. पुढच्या तीन रात्री सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेराला, आणि तिथल्याच धावपट्टीवरून छोट्या विमानाने झांझिबार, चार रात्री. विमान महाग पडतं, पण परतीचा दिवसभराचा खडखडाट वाचतो. सासूबाईंसाठी तरी तो खर्च कराच.

या विमानात माणशी १५ किलोच, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग चालत नाही.

पार्कची फी २४ तासांची असते, आणि सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटवर शिक्का बसला की घड्याळ सुरू. दुपारी १ ला आत गेलात तर शेवटच्या दिवशीचं विमान १ च्या आधीचं हवं, नाहीतर पाचही जणांची फी पुन्हा. विवरात उतरायची फी दरगाडी आहे, त्यामुळे पाच जणांत एकच गाडी परवडते.

लस_आधी_तिकीट_नंतर
वरचा आराखडा योग्य आहे. पण तिकिटाआधी पिवळ्या तापाची लस बघा. ती फक्त शासनमान्य केंद्रात मिळते. प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर भारतात ६ दिवसांपर्यंत अलग ठेवतात. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांनी लस नको म्हणून पत्र दिलं तरी आपल्या विमानतळावर अडवू शकतात. हा निर्णय पैसे भरण्याआधीच व्हायला हवा. पिवळ्या कार्डावरचं (हेच ते प्रमाणपत्र) नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रातच ताडून घ्या.

हिवतापाच्या गोळ्याही विचारा. घरी आल्यावर ताप नाही म्हणून कोर्स मध्येच सोडतात, तिथेच फसतं.

झांझिबारचा प्रवासविमा १ ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचा आहे, मोठ्या माणसाला ४४ डॉलर. इथून काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही. दुकानातल्या प्लॅस्टिक पिशव्यांवर टांझानियात बंदी आहे, चिवडा-लाडू कापडी पिशवीत न्या.

सफारीच्या डब्यात बहुधा चिकनचा तुकडा आणि उकडलेलं अंडं असतं. शाकाहारी डबा आदल्या संध्याकाळी लॉजवर सांगायचा, एजंटाच्या भरवशावर नाही. विवरात डबा गाडीतच खा. घारी थेट हातावर झडप घालतात, पोळी जातेच आणि नखांनी बोटंही फाटतात.

रंकाळा_काठ
दिवाळी पक्की. एजंटालाही कळवलं. इतिहास आणि किनारा यावर कोणी सांगेल?

जुना_वाडा
इतिहास वाटेतच आहे. करातूहून सेरेंगेटीला जाताना ओल्डुवाई घळ लागते. १९५९ मध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना इथेच आदिमानवाची कवटी सापडली. संग्रहालयाला तासभर द्या. जवळच्या लाएटोलीत सापडलेल्या, मानवपूर्वजांच्या ३६ लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांचा साचा तिथे ठेवलाय, मुलं तिथून हलणार नाहीत.

झांझिबारला पहिल्या दोन रात्री स्टोन टाउनमध्येच, म्हणजे जुन्या शहरात काढा. गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला, त्या जागी चर्च उभं आहे. वाटाड्या घेऊनच पाहा. मग तिथल्या घरांचे दरवाजे बघत फिरा. सरळ चौकट अरबी धाटणीची, कमानीची भारतीय धाटणीची. त्यावरचे पितळी खिळे हात लावून बघा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीची धडक रोखायला खिळे आहेत, इथे हत्ती नाहीत, तरी ती रीत समुद्र ओलांडून आली. उलट दिशेने चित्ते आले: कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणत असत. सेरेंगेटीत चित्ता दिसला की मुलांना हे जरूर सांगा. स्टोन टाउनच्या गल्ल्यांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

किनाऱ्यासाठी उत्तरेचं नुंगवी किंवा केंडवा घ्या. पूर्वेला पाजे, जांबियानीत ओहोटीला पाणी फार लांब जातं, मुलांना पोहायला तास न् तास थांबावं लागतं. उथळ पाण्यात काळ्या काट्यांचे समुद्री साळू असतात. काटा तळव्यात मोडला की निघता निघत नाही. चप्पल नव्हे, पाण्यातले बंद रबरी बूट इथूनच न्या.