मदत हवी आहे: लांब केबलवर व्हीजीए चित्रातील निळा रंग सरकतो

सुमारे ९० मीटर लांबीच्या कॅट-५ई केबलवरून (पिळलेल्या तारांच्या चार जोड्यांची नेटवर्क केबल) मी व्हीजीए संकेत (लाल, हिरवा व निळा वेगवेगळे नेणारा ॲनालॉग चित्रसंकेत) प्रोजेक्टरपर्यंत नेला असून, १०२४ × ७६८ रिझोल्यूशनवर (६० हर्ट्झ) प्रत्येक उभ्या रेषेच्या उजवीकडे सुमारे दोन पिक्सेल अंतरावर निळी कड दिसते. छायाचित्रांत ती जाणवत नाही, पण बारीक अक्षरे वाचवत नाहीत.

माझ्या समजुतीप्रमाणे, प्रत्येक रंग तारांच्या स्वतंत्र जोडीवरून जातो आणि केबलमधील प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असल्याने तारेची प्रत्यक्ष लांबी बदलते आणि निळा संकेत उशिरा पोहोचतो. या रिझोल्यूशनला पिक्सेल घड्याळ (पिक्सेल पाठवण्याचा वेग) ६५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक पिक्सेल सुमारे १५ नॅनोसेकंदांचा; त्यामुळे फरक ३० नॅनोसेकंदांच्या आसपास असावा. केबलच्या प्रोजेक्टरकडील टोकाच्या रिसीव्हरवरील इक्वलायझर (केबलमध्ये क्षीण झालेला संकेत सावरणारे नियंत्रण) फिरवून पाहिला, परंतु त्याने केवळ धूसरपणा कमी झाला, जे अपेक्षितच होते.

निळ्याला घाई करता येत नाही, तेव्हा लाल आणि हिरव्यालाच थांबवावे लागेल. त्यासाठी रिसीव्हरनंतर त्या दोन मार्गांत प्रत्येकी सहा मीटर (सुमारे ३० नॅनोसेकंद विलंबाची) कोॲक्सिअल केबल जोडावी, की समायोज्य विलंब असलेला रिसीव्हर घ्यावा? हिरव्यावर सिंकही (चित्राच्या ओळी जुळवणारा संकेत) जात असल्यास कोॲक्सिअलचा उपाय कितपत चालतो, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.