मारवाडी घोड्याचे गोठित रेत : वितळवल्यावर हालचाल टिकत नाही, मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. आमच्याकडील पैदाशीच्या मारवाडी घोड्याचे ताजे रेत उत्तम असते, मात्र गोठवून 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद वितळवल्यावर पुढे सरळ जाणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण सामान्यतः अपेक्षित असलेल्या 30 टक्क्यांच्या खालीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली बरेच शुक्राणू जागच्या जागी थरथरताना किंवा शेपूट वाकून गोल फिरताना दिसतात.

सध्या आम्ही स्निग्धांशविरहित दुधाच्या द्रावणात रेत विरळ करून, सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून शुक्रद्रव, म्हणजे रेतातील पातळ भाग, वेगळा करतो आणि तळाशी बसलेले शुक्राणू अंड्यातील बलक व ग्लिसरॉल (गोठताना शुक्राणूंना जपणारे रसायन) असलेल्या द्रावणात मिसळून अर्धा मिलिलिटरच्या कांड्या (स्ट्रॉ) द्रव नायट्रोजनच्या वाफेवर धरतो. गायी-म्हशींच्या रेताचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही, हे एव्हाना पटले आहे. काही घोड्यांचे रेत मुळातच गोठवण सहन करत नाही आणि अशा वेळी ग्लिसरॉलऐवजी किंवा त्याच्या जोडीने डायमिथाइल फॉर्मामाइड हे तशाच कामाचे रसायन वापरल्यास फरक पडतो, असे वाचले आहे. ज्यांनी ते प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी प्रमाण किती ठेवले, हे कळवावे. तसेच वाफेत धरण्याआधी 5 अंशांपर्यंत सावकाश थंड करण्याला किती वेळ द्यावा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये शुक्राणूंचा गोळा घट्ट दाबला जाऊ नये म्हणून नळीच्या तळाशी दाट, जड द्रवाची गादी घालणे कितपत गरजेचे आहे, हेही सांगावे.

घोडीचे माजाचे दिवस सुरू आहेत, म्हणून लवकर उत्तर मिळाल्यास बरे होईल.