स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल: आधी जनुक तपासायचं की नाही?

सह्याद्री_०७
हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला, की गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ आणि जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल, बारा महिने. वजन, वय, हिमोग्लोबिन काहीही असो, चिठ्ठी तीच. माझं मत स्पष्ट आहे: क्लोपिडोग्रेल लिहिण्याआधी जनुक तपासणी व्हायलाच हवी. हे औषध पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. यकृतातल्या सीवायपी२सी१९ एन्झाइमने ते बदललं तरच प्लेटलेट (गुठळी बनवणाऱ्या रक्तपेशी) अडतात. भारतीयांत जवळपास निम्म्या लोकांमध्ये या एन्झाइमच्या जनुकाची किमान एक प्रत कामाची नसते, सुमारे दहातल्या एकात दोन्ही नसतात. अशा माणसाने ७५ मिग्रॅची गोळी वर्षभर न चुकता घेतली तरी स्टेंट पुरेसा सुरक्षित राहत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने याचा चौकटीतला इशारा २०१० मध्येच दिला होता. २०१९ च्या पॉप्युलर जेनेटिक्स चाचणीत २,४८८ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधं जनुक बघून ठरवली: जनुक चांगलं तर सौम्य क्लोपिडोग्रेल, नाहीतर जास्त कडक टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. त्या गटात रक्तस्राव ९.८ टक्के, नेहमीची कडक औषधं घेणाऱ्या गटात १२.५ टक्के, आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. मग अडतं कुठे?

नाडीपरीक्षक
पूर्ण असहमत. टेलर-पीसीआय ही चाचणी (२०२०) ५,३०२ रुग्णांची होती. जनुकदोष असलेल्यांत वर्षभरात अटॅक, गुठळीसारख्या घटना जनुक बघून औषध दिलेल्यांत ४ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५.९ टक्के. फरक दिसला, पण आधी ठरवलेल्या सांख्यिकी मर्यादेत बसला नाही. म्हणजे सर्वांची तपासणी करण्याइतका पुरावा हाती नाही.

दुसरं असं की, स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा सर्वांत मोठा धोका पहिल्या तीस दिवसांत असतो. नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला तर रिपोर्ट येईपर्यंत त्यातले मोलाचे दिवस निघून जातात. त्यापेक्षा फाईलमध्ये आधीच असलेले आकडे वाचा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली, प्लेटलेट एक लाखाखाली, ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० खाली किंवा आधीच चालू असलेलं अँटिकोॲग्युलंट (रक्त गोठू न देणारं वेगळं औषध), यातलं एक जरी असलं तरी रुग्ण रक्तस्रावाच्या जास्त धोक्यात. वय ७५ किंवा अधिक, ईजीएफआर ३० ते ५९ हे दुय्यम निकष, त्यातले दोन पुरतात. कागदावर दिसणारी ही गोष्ट सोडून जनुकाकडे धावणं मला पटत नाही.

आणि टालोस-एएमआय चाचणी बघा, २०२१. कोरियातले २,६९७ रुग्ण, एक महिना टिकाग्रेलॉर, मग कोणतीही तपासणी न करता निम्म्यांना क्लोपिडोग्रेल. गुठळी आणि रक्तस्राव मिळून घटना ४.६ टक्के, टिकाग्रेलॉर चालू ठेवलेल्यांत ८.२ टक्के. कोरियात तर जनुकदोष आपल्यापेक्षाही जास्त आढळतो!

सह्याद्री_०७
कोरियाचे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. पूर्व आशियातल्या लोकांत गुठळीचा धोका तुलनेने कमी आणि रक्तस्रावाचा जास्त, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे अटॅक कमी वयात येतो, मधुमेह जास्त, धमन्या बारीक, स्टेंट लांब. तिथे न तपासता क्लोपिडोग्रेलवर उतरणं चाललं म्हणून इथेही चालेल, हे गृहीतक झालं.

रिपोर्ट उशिरा येतो हे मान्य. म्हणूनच सुरुवात टिकाग्रेलॉरने करा: १८० मिग्रॅ लोडिंग (सुरुवातीचा एकदाच मोठा डोस), मग ९० मिग्रॅ दिवसातून दोनदा. पहिला महिना त्यावर काढा आणि रिपोर्ट महिन्यानंतरच्या निर्णयासाठी वापरा. उशिराचा तोटा तिथेच संपतो.

गोदाकाठ
औषधाच्या दुकानाच्या बाजूने सांगते. तुम्ही दोघे ज्यावर भांडताय, त्याच्या आधीच गाडं अडलेलं असतं.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. डॉक्टर टिकाग्रेलॉर सुरू करतात, घरात जुनी कॅप्सूल शिल्लक असते आणि रुग्ण दोन्ही घेतो. मग हिरड्यांतून रक्त, काळं शौच. उलट बाजूने, ॲस्पिरिन बंद करा म्हटलं की तो ती कॅप्सूलच सोडतो आणि त्यातलं क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) हेही जातं. गोळ्या बदलताना एकत्रित कॅप्सूल बंद करून प्रत्येक औषध वेगळं लिहा, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उपयोगाचं आहे.

पित्तासाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असेल तर ते त्याच सीवायपी२सी१९ ला अडवतं. जनुक चांगलं असूनही क्लोपिडोग्रेल कमी पडतं. पँटोप्राझोल द्या. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर टिकाग्रेलॉर रक्तात टिकतच नाही. आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही. गुडघेदुखीवर आयब्युप्रोफेन घेतलं तर ते ॲस्पिरिनच्या आड येतं, शिवाय पोटातून रक्तस्राव. आणि टिकाग्रेलॉरने दम लागतो, रुग्णाला वाटतं हृदयच बिघडलं, तो संध्याकाळची गोळी आपणच सोडतो. ही सूचना पहिल्या दिवशीच द्यायला हवी.

नाडीपरीक्षक
@गोदाकाठ, शब्दशः मान्य. बदल करतानाचा डोसही इथे नोंदवतो, कारण त्यात फार चुका होतात. टिकाग्रेलॉरवरून क्लोपिडोग्रेल: शेवटच्या गोळीनंतर २४ तासांनी ६०० मिग्रॅ लोडिंग, मग रोज ७५. रक्तस्रावामुळे बदलत असाल तर लोडिंग टाळून थेट ७५. प्रासुग्रेल १० मिग्रॅ, पण वजन ६० किलोपेक्षा कमी किंवा वय ७५ आणि वर असेल तर ५. पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेला असेल तर प्रासुग्रेल अजिबात नाही.

सह्याद्री_०७
मग एक उदाहरण घेऊ. बाई ७२ वर्षांच्या, वजन ४८ किलो, हिमोग्लोबिन १०.४, मधुमेह, अटॅकनंतर दोन स्टेंट. काय द्याल?

नाडीपरीक्षक
हिमोग्लोबिन ११ खाली, म्हणजे प्रमुख निकष एकटाच पुरेसा. बारा महिने दोन गोळ्या नाहीत. प्लेटलेटच्या कार्याची मशीनवरची चाचणी इथे फसवते: ॲनिमिया असला, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) कमी असलं, की पीआरयूचा (औषध असूनही प्लेटलेट किती सक्रिय आहेत त्याचा) आकडा खोटा वर जातो. २०८ च्या वर आकडा बघून कुणी औषध वाढवलं तर जिला रक्तस्रावाचा धोका तिलाच जास्त मारा. आधी ॲनिमियाचं कारण शोधा, पँटोप्राझोल सुरू करा, आणि एक ते तीन महिन्यांत एक गोळी काढा.

सह्याद्री_०७
कोणती काढणार? इथेच मुद्दा आहे. ट्वायलाइट चाचणीत (२०१९) तीन महिन्यांनी ॲस्पिरिन काढून एकटं टिकाग्रेलॉर ठेवलं. रक्तस्राव ७.१ वरून ४ टक्के. मृत्यू, अटॅक आणि पक्षाघात मिळून दोन्हीकडे ३.९. पण स्टॉपडॅप्ट-२ एसीएस चाचणीत (२०२२) एक-दोन महिन्यांनी एकटं क्लोपिडोग्रेल ठेवलं, तेव्हा अटॅक वाढले. क्लोपिडोग्रेल एकटं पडलं की ते काम करतंय का, हा प्रश्न जिवाचा होतो.

नाडीपरीक्षक
हे मान्य करतो. अटॅकनंतर ॲस्पिरिन लवकर काढून एकटं क्लोपिडोग्रेल ठेवायचं असेल, तर तपासणीशिवाय नको. ॲस्पिरिन चालू असताना मात्र सर्वांना तपासण्याला माझा विरोध कायम. वरच्या बाईंना मी एकटं टिकाग्रेलॉर ठेवीन. दम सहन झाला नाही, तर मग जनुक बघीन.

गोदाकाठ
आणि डिस्चार्ज कार्डावर स्टेंटची तारीख आणि कोणती गोळी कोणत्या तारखेला थांबणार ते मराठीत लिहा. दात काढताना किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन्ही गोळ्या बंद करायला सांगणारे आजही भेटतात. तो कागद बघून ते निदान आधी फोन तरी करतील.