चौकशीत गप्प राहण्याचा हक्क संशयिताला असावा का?

मूळ लेखन (तासगाव)
गेल्या महिन्यात आमच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि द्राक्षबागेत कामाला असलेल्या मुलाला संशयावरून ठाण्यात बोलावले. मी सोबत होतो. दिवसभर बाकावर बसवून संध्याकाळी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला, तेव्हा त्याने पेन हातात धरून मला विचारले, "दादा, सही नाही केली तर आत टाकतील का?" मला उत्तर देता आले नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही आणि तपासात दिलेल्या जबाबावर तर सहीच घ्यायची नसते, हे मला नंतर समजले. मोटार माझीच गेली होती, तरीही हा हक्क ठाण्याच्या दारातच सांगितला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त हवालदार, मिरज
कोऱ्या कागदाचे समर्थन मी करणार नाही. परंतु पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाहीच. आरोपीच्या सांगण्यावरून माल निघाला, तर माहितीचा तेवढाच भाग पुरावा ठरतो आणि चोरीच्या तपासात आमची सारी भिस्त त्यावरच असे. पहिल्याच प्रश्नाला तोंड मिटायला शिकवलेत, तर मोटारीतले तांबे भंगारात कधी वितळले हे कोणालाही कळणार नाही.

वकील, सांगली
हवालदारसाहेबांची अडचण खरी आहे, पण हा हक्क सरसकट नाही. संशयिताला नाव-पत्ता सांगावा लागतो. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना यांना हे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ठरवले. ज्या उत्तराने तो स्वतः गुन्ह्यात गुंतेल, तेवढ्यापुरतेच मौन आहे. नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ साली न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू केले, तर २०१० मध्ये संमतीविना नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

मूळ लेखक
२०१७ मध्ये याच सांगलीत कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे उघड झाले आणि पोलिसांनाच अटक झाली. तेव्हापासून ठाण्याची पायरी चढताना माणसे काय विचार करत असतील, हे आपणच सांगा.

निवृत्त हवालदार, मिरज
त्या प्रकरणाने आमचीही मान खाली गेली. तरीही मौनापेक्षा कॅमेऱ्यावर माझा भरवसा अधिक आहे. प्रत्येक ठाण्यात ते बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच दिला आहे. त्या मुलाला दिवसभर बसवल्याची नोंद ठाण्याच्या डायरीत आहे का, हे वकीलसाहेबांना घेऊन आधी विचारा.