प्रतिसाद: मुलांसोबत वाढेल म्हणून शिंगरू घेऊ नका

निपाणीच्या ताई, पाच आणि आठ वर्षांच्या मुलांसाठी दोन वर्षांचं शिंगरू घ्यायचा तुमचा विचार आहे. कृपया घेऊ नका. शिकाऊ मूल आणि न शिकलेलं जनावर, दोघंही एकमेकांना घाबरवतात. आठ ते पंधरा वर्षांचं, मुलांची सवय असलेलं तट्टू किंवा घोडी बघा. खच्ची न केलेला घोडा नको. उंची खांद्याशी ४४ ते ४८ इंच पुरे. वजन २०० किलो असेल तर खोगिरासकट ३०-३५ किलोच पाठीवर ठेवा. थोरला लवकरच त्या मापाबाहेर जाईल.

चिकोडीकडे शर्यतीच्या गाडीतून काढलेलं तट्टू स्वस्त मिळतं. मागून आवाज आला की पळायचं, हेच त्याला शिकवलेलं असतं. मुलांना ते नकोच.

बघायला न सांगता जा. ते बांधलेलं असतानाच हात लावा, मग चारही पाय उचलून घ्या. खूर खरवडा: तळव्याच्या मधल्या मऊ भागाला कुजका वास आणि काळा चिकट मळ असेल तर खूर सडतोय. खानापूरकडच्या पावसात ओल्या गोठ्यात हे हमखास होतं. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभं असेल तर सौदा सोडा. धान्य-गूळ जास्त झाल्यानं खुरांच्या आत सूज येते, ही उभं राहण्याची ढब त्याचीच खूण, आणि ती सूज पुन्हा पुन्हा येते. रोज तीन-चार किलो कडबा-सुकं गवत हाच खरा खुराक, हरभरा मूठभर.

दात आणि धनुर्वाताची लस मात्र पशुवैद्याकडूनच बघून घ्या.